छत्तीस गुण जुळले, स्वभावाचं काय?

वाचकांचे प्रश्न, सल्लागारांची उत्तरं

या वेळच्या पत्रांमध्ये एक म्हण पुन्हा पुन्हा येते: स्वभावाला औषध नाही. म्हण अर्धी खरी आहे. औषध नसेल, पण पथ्य असतं. मधुमेह झाला की एकट्याचं ताट बदलून भागत नाही, घरातला स्वयंपाकच बदलावा लागतो. स्वभावाचंही तसंच आहे, म्हणून खालच्या उत्तरांत 'त्याला बदला' असं फारसं सापडणार नाही. घरातली मांडणी, वेळा आणि वाक्यं कशी बदलायची, ते मात्र सापडेल. पत्रं थोडक्यात दिली आहेत. नावं अर्थातच गाळली आहेत.

प्रश्न : मुलीला स्थळ आलंय. पत्रिकेत ३६ पैकी ३१ गुण जुळतात. मुलगा शांत वाटला. मुलगी म्हणते, इंटरनेटवरच्या चार अक्षरांच्या चाचणीत त्याचा 'टाइप' माझ्याशी जुळत नाही. विश्वास कशावर ठेवायचा? आणि लग्नाआधी स्वभाव कळतो तरी का? – एक आई, सांगली

स्वभावापुरतं विचाराल तर दोन्हींवर नको. गुणमेलनात वर्णाचा १, वश्याचे २, ताऱ्याचे ३, योनीचे ४, ग्रहमैत्रीचे ५, गणाचे ६, भकुटाचे ७ आणि नाडीचे ८ असे ३६ गुण मोजतात. स्वभावाशी थेट नातं सांगितलं जातं ते गणाचं, म्हणजे देव, मनुष्य, राक्षस. पण हा सगळा हिशेब जन्माच्या वेळी चंद्र कुठल्या नक्षत्रात आणि राशीत होता त्यावर चालतो, आणि चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो. म्हणजे त्या दिवशी जन्मलेल्या जवळपास सगळ्या मुलांचे तुमच्या मुलीशी तेवढेच गुण जुळतील. त्यातला तापट कोण आणि थंड कोण, हे त्यातून कसं निघणार?

चार अक्षरांच्या चाचणीचं दुखणं वेगळं. ती माणसाला 'अंतर्मुख' किंवा 'बहिर्मुख' अशा एका कप्प्यात टाकते. प्रत्यक्षात बहुतेक माणसं मधेच कुठेतरी असतात. काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचं एखादं तरी अक्षर बदलतं.

मानसशास्त्रात आज जी मोजपट्टी सर्वांत जास्त वापरली जाते, तिच्यात पाच पट्ट्या आहेत. घरच्या भाषेत सांगायचं तर मन किती चटकन बिथरतं, दिलेला शब्द आणि हातातलं काम किती नेटाने पूर्ण होतं, माणसांत किती रमतो, दुसऱ्याशी किती जमवून घेतो आणि नव्याची ओढ किती आहे. लग्नाच्या दृष्टीने पहिल्या दोन पट्ट्या जास्त बोलतात. अमेरिकेत १९३५ च्या सुमारास लग्न ठरलेल्या ३०० जोडप्यांचा अभ्यास सुरू झाला आणि १९८० पर्यंत त्यांचा माग ठेवला गेला. संसार मोडणं किंवा कुढत चालणं याच्याशी सर्वांत जास्त जोडलेल्या गोष्टी तीन निघाल्या: नवऱ्याचं मन चटकन बिथरणं, बायकोचं मन चटकन बिथरणं आणि नवऱ्याचा स्वतःवरचा ताबा कमी असणं. विशेष म्हणजे हे मोजमाप त्या मुलामुलींना विचारून केलं नव्हतं. प्रत्येकाच्या पाच ओळखीच्या माणसांनी ते केलं होतं. आपल्याकडे स्थळाची चौकशी करायची जी जुनी रीत आहे, ती नेमकी इथे कामाला येते. फक्त आपण चौकशी पगाराची आणि फ्लॅटची करतो.

राहिला 'जुळण्या'चा प्रश्न. ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि जर्मनी इथल्या हजारो जोडप्यांवरचा २०१० चा अभ्यास सांगतो की दोघांचे स्वभाव सारखे असल्याने समाधानात फार थोडा फरक पडतो. प्रत्येकाचा आपापला स्वभाव कसा आहे, यानेच जास्त फरक पडतो. तेव्हा टाइप जुळत नाही म्हणून स्थळ नाकारण्याचं कारण नाही.

आता 'शांत वाटला' याकडे वळू. कांदेपोह्यांच्या तासाभरात सगळेच शांत असतात. अबोल माणूस वेगळा आणि शांत माणूस वेगळा. अबोल माणूस आतून धुमसणारा असू शकतो आणि बडबड्या माणसाचं मन मजबूत असू शकतं. म्हणून मुलीला त्याच्याबरोबर तीन-चार भेटी मिळू द्या, आणि त्यातली एक तरी दोन तासांहून मोठी, काहीतरी काम करत असलेली असावी. गणपती पेठेत जाऊन खरेदी करा म्हणावं. पार्किंग मिळत नाही, हवा तो रंग नाही, बिलात चूक आहे, वेटर विसरलाय: या दहा-पंधरा मिनिटांत जे दिसतं ते बैठकीच्या खोलीत दिसत नाही.

प्रश्न विचारताना मतं विचारू नयेत, घडलेल्या गोष्टी विचाराव्यात. 'तुला राग येतो का?' याला 'नाही' हेच उत्तर येतं. 'गेल्या वर्षभरात सर्वांत जास्त राग कुणाचा आला, आणि मग तू काय केलंस?' असं विचारलं तर गोष्ट येते. त्या गोष्टीत प्रत्येक वेळी चूक दुसऱ्याचीच असेल तर कान टवकारावेत. 'पगार जमा झाल्यावर पहिले चार खर्च कुठले?' आणि 'सुरू करून अर्धवट सोडलेली शेवटची गोष्ट कुठली?' हेही विचारावं. मुलीनेही याच प्रश्नांची उत्तरं द्यावीत, नाहीतर ती मुलाखत होते. शक्य असेल तर त्याच्या जुन्या रूम पार्टनरशी बोलणं मिळवा. भाड्याची वाटणी, भांडी, आजारपण आणि रात्रीचे मित्र हे त्याला नातेवाइकांपेक्षा जास्त माहीत असतं.

'लग्नानंतर सुधारेल' या हिशेबावर मात्र होकार देऊ नका. आज दिसतं त्याच्यासह चालेल का, एवढंच विचारा.

प्रश्न : नवरा ऑफिसमधून सव्वाआठला घरी येतो. मी दिवसभर घरून काम करते, बोलायला कुणी नसतं. मी विचारलं की 'ठीक', 'हं', नाहीतर 'डोकं नको खाऊस'. मग मी जास्त विचारते, तो आतल्या खोलीत जातो. लग्नाला चार वर्षं झाली. तो माणूसघाणा आहे की मी चिकट? – एक वाचक, डोंबिवली

दोघंही नाही. एक मागे लागतो, दुसरा कासवासारखा अंग आत घेतो. पहिला आणखी ठोठावतो, दुसरा आणखी आत जातो. तुम्हाला वाटतं, तो गप्प बसतो म्हणून मी विचारते. त्याला वाटतं, ती विचारत राहते म्हणून मी गप्प बसतो. दोघांचंही खरं आहे, म्हणून हे भांडण कधी संपत नाही.

कमी बोलणारा माणूस दिवसभर मीटिंगा आणि गर्दीची लोकल यांत माणसं पुरेपूर भोगून येतो. घरी आल्यावर त्याला पहिल्यांदा माणूस नको असतो. कुठलाही माणूस. तुम्ही नको असता असं नाही. तुमचं उलट आहे, दिवसभर साठलेलं असतं. तेव्हा वेळ ठरवा. आल्यापासून अर्धा तास पाणी, चहा, हातपाय धुणं. या अर्ध्या तासात निर्णय लागेल असा एकही प्रश्न नाही. 'डाळ कुठली करू?' हासुद्धा निर्णयच आहे.

पण या अर्ध्या तासाला शेवट हवा, आणि तो शेवट त्याने सांगायचा: 'पावणेनऊला बसू.' ठरलेल्या वेळी परत येण्याची जबाबदारीही त्याचीच. ही योजना नव्वद टक्के घरांत नेमकी इथेच कोसळते असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण कोसळते ती इथेच. अर्धा तास मिळतो, हातात मोबाइल येतो आणि अकरा वाजतात. म्हणून मोबाइलला गजर लावा आणि तो फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

मग पंधरा मिनिटं. जास्त मागू नका. या वेळात हिशेब नाही, शाळा नाही, सासर-माहेर नाही. ते विषय दिवसभर एका कागदावर लिहून फ्रिजला लावा आणि रविवारी सकाळी नाश्त्यानंतर काढा. अबोल माणसाला विषय आधी कळलेला असला की तो बऱ्यापैकी बोलतो. अचानक विचारलं की गोठतो. प्रश्नही बारीक हवा. 'कसा गेला दिवस?' याला 'ठीक' यापलीकडे उत्तर नसतं. 'आज डबा कुणाबरोबर खाल्लास?' याला असतं.

समोरासमोर बसवून बोलतं करू नका. जेवणानंतर सोसायटीत चार फेऱ्या मारताना, मेथी निवडताना, स्कूटरवर मागे बसून बोलणं सोपं जातं. डोळ्यांत डोळे घालून 'बोल' म्हटलं की ती चौकशी होते.

तुमच्या बाजूचं पथ्य असं की गप्पांची सगळी भूक एकाच माणसाकडून भागवायची नाही. आठवड्यातून दोन दिवस दुपारी बहिणीला किंवा मैत्रिणीला फोन, महिन्यातून एकदा भिशी. यात नवऱ्याची तक्रार हा विषय सोडून बाकी सगळं चालतं.

भांडण पेटलंच तर? नाडी मिनिटाला शंभरच्या वर गेली की समोरच्याचं म्हणणं डोक्यात शिरत नाही. दार आपटून निघून जाणं आणि 'मला वीस मिनिटं दे, साडेनऊला परत बसतो' असं सांगून जाणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. वीस मिनिटांपेक्षा कमी वेळ पुरत नाही, शरीर तेवढ्यात निवत नाही. आणि त्या वेळात मनात पुढच्या उत्तराची उजळणी केली तर तो वेळ फुकट गेला समजा. बादलीभर कपडे धुवा, खाली चक्कर मारा.

तीन आठवडे करून बघा. पहिला आठवडा नाटकी वाटेल, ते ठीक आहे. एकच सावधगिरी: तो पूर्वी बोलका होता आणि गेल्या दोन-तीन महिन्यांतच गप्प झाला असेल, झोप-भूक उडाली असेल, आवडत्या गोष्टींतही मन लागत नसेल, तर तो स्वभाव नव्हे. दोन आठवड्यांहून जास्त असं चाललं असेल तर डॉक्टरांना दाखवा. ते नैराश्य असू शकतं.

प्रश्न : बायको कमालीची टापटीप, मी पसारा करणारा. ओला टॉवेल पलंगावर राहतो, यावरून आठवड्यातून तीनदा भांडण. मी घरात मदत करतो, पण मी भांडी घासली की ती पुन्हा घासते. मग मी कशाला करू? – एक वाचक, पुणे

'मदत' हा शब्दच आधी काढून टाका. घरातल्या प्रत्येक कामाला तीन भाग असतात: लक्षात ठेवणं, ठरवणं आणि करणं. तुम्ही बहुधा तिसराच भाग करता आणि पहिले दोन तिच्या डोक्यात चालू राहतात. म्हणून काम अर्धं घेण्यापेक्षा थोडी कामं पूर्ण घ्या. गॅस सिलिंडर घ्यायचा तर असा: भरलेला सिलिंडर लावला त्याच दिवशी पुढचा बुक करणं, डिलिव्हरीचा कोड जवळ ठेवणं, आल्यावर सील बघणं, १४.२ किलो गॅस भरलाय का ते काट्यावर तपासून घेणं, पैसे देणं, पुस्तकात नोंद. 'सिलिंडर आला का?' हा प्रश्न तिला महिनाभर विचारावा लागला नाही, तर काम तुमचं झालं.

तिच्यासाठी: एखादं काम 'झालं' म्हणजे काय ते आधी ठरवून सांगा. भांडी घासून पालथी, ओटा पुसलेला, सिंकची जाळी रिकामी. या तीन गोष्टी झाल्या तर महिनाभर पुन्हा हात लावायचा नाही, पातेल्याची कड जरा चिकट असली तरी. पुन्हा घासलेलं भांडं नवऱ्याला एकच गोष्ट शिकवतं: करून उपयोग नाही.

चूक महाग पडते अशी कामं, म्हणजे कर्जाचे हप्ते, विम्याची तारीख, आईवडिलांची औषधं, ही दोघांपैकी नेटक्या माणसाकडे किंवा ऑटोपेवर ठेवा. आणि टॉवेलचं म्हणाल, तर तो जिथे पडतो तिथे, पलंगापासून हात पोचेल अशा ठिकाणी, भिंतीला एक हुक ठोका. बाल्कनीतली दोरी त्याच्या वाटेवर नाही, म्हणून टॉवेल तिथवर जात नाही.

प्रश्न : सासूबाई ६३ वर्षांच्या. हे रोज जालन्याला नोकरीला जातात. निघाले, पोचले, जेवले, सगळे फोन सासूबाईंना हवेत. उचलला नाही की 'अपघात झाला असेल' म्हणून माझ्या नणंदेपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना फोन. नातवाला ताप आला की रात्रभर जागतात. हे चिडतात, मग सासूबाई रडतात. 'स्वभावच तसा' म्हणून सोडून द्यायचं का? – एक सून, छत्रपती संभाजीनगर

सोडून देऊ नका, पण चिडूनही होणार नाही. आधी हे समजून घ्या की धीर दिल्याने काळजी का वाढते.

मनात येतं, 'काही झालं तर नसेल?' छातीत धडधडतं. फोन लावला, 'पोचलो गं आई' ऐकलं, धडधड थांबली. मनाने यातून धडा घेतला: फोन केला म्हणून बरं वाटलं. उद्या तीच धडधड जरा लवकर येते, आणि फोनशिवाय थांबेनाशी होते. खाज सुटल्यावर खाजवण्यासारखं आहे. तुमचे 'हे' प्रेमाने दिवसाला सात फोन घेतात, तेव्हा नकळत आठव्याची सोय करतात. आणि चिडून बोलतात तेव्हा काळजीत अपराधीपणाची भर पडते.

पहिल्यांदा सासूबाईंशी बसून बोला. मुलाने बोलावं, सुनेने सुरुवात केली तर तिलाच 'फोन तोडणारी' ठरवलं जातं. त्याने सांगायचं: 'आई, पोचल्यावर एक मेसेज आणि निघताना एक फोन, हे मी चुकवणार नाही. मधला फोन मी उचलणार नाही.' आणि हे दोन खरंच चुकवायचे नाहीत. एकदा चुकले की महिनाभराचं काम पाण्यात.

मधल्या वेळात त्यांना फोन करावासा वाटला तर तुम्ही घरी असाल. 'काही झालं नसेल हो' हे वाक्य टाळा, ते धीराचंच दुसरं रूप आहे. 'काळजी दाटून आली ना? दहा मिनिटं थांबून बघू या का?' असं म्हणा आणि घड्याळ लावा. तोवर शेंगा सोलणं, तांदूळ निवडणं, असं हातांना काहीतरी द्या. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं, मग वीस, मग चाळीस. काळजी न भागवताही आपोआप उतरते, हे त्यांच्या शरीराला स्वतः कळलं पाहिजे. सांगून कळत नाही.

दुसरं, एक वही. रोज संध्याकाळी पाचला पंधरा मिनिटं काळजीची वेळ. दिवसभरात जे मनात आलं ते वहीत लिहून ठेवायचं, पाचला उघडायचं. प्रत्येक ओळीसमोर 'करण्यासारखं काही आहे' किंवा 'नाही' एवढंच. नातवाला ताप आहे, तर दर चार तासांनी थर्मामीटर लावून आकडा लिहायचा, हे करण्यासारखं. रात्रभर उशाशी बसणं त्यात येत नाही. लिहिता येत नसेल तर नातवाला सांगून लिहून घ्यायचं नाही. तुम्ही किंवा सासऱ्यांनी लिहावं. काळजी मुलांना फार लवकर लागते.

बिघडतं कुठे? एक, पहिल्या सात-आठ दिवसांत फोन कमी न होता वाढतात. ते अपेक्षित आहे. चौथ्या दिवशी 'जाऊ दे' म्हणून पंधरावा फोन उचलला, तर पंधरा वेळा केला की उचलतात हे पक्कं होतं. दोन, घरातला एक जण फुटतो. नणंदबाई दुपारी फोन करून 'दादा पोचला गं' सांगत राहिल्या तर इथली सगळी मेहनत वाया. त्यांना आधी विश्वासात घ्या.

तीन, सासूबाईंचं महत्त्व कमी होतं. काळजी करणारी माणसं पुढचा विचार करण्यात हुशार असतात. प्रवासाची तिकिटं, सगळ्यांच्या औषधांच्या तारखा, पावसाळ्याआधी छताची गळती बघणं, हे अधिकृतपणे त्यांच्याकडे द्या.

याआधी एकदा रक्त तपासून घ्या: थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर. थायरॉइड जास्त चालत असेल तरी छातीत धडधड, हात कापणं, झोप उडणं हे सगळं होतं. दिवसाला चहा किती होतो तेही मोजा. पाच कप असेल तर हळूहळू दोनवर आणा आणि चारनंतर बंद.

काळजी सहा महिन्यांहून जास्त काळ, बहुतेक दिवस, आवरता न येण्याइतकी असेल आणि झोप, अंगदुखी, चिडचिड, थकवा सोबत असेल तर मनोविकारतज्ज्ञांकडे जा. हा उपचाराने बरा होणारा त्रास आहे. औषध सुरू झालं तर बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने अचानक बंद करू नका. घरून बोलायचं असेल तर सरकारी टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. २०१७ मध्ये मानसोपचारांच्या २०७ अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. उपचारांनी सर्वांत जास्त बदललेली स्वभावाची पट्टी हीच, मन चटकन बिथरण्याची, होती. तेव्हा 'या वयात काय बदलणार' हे त्यांच्यादेखत म्हणू नका.

प्रश्न : नवऱ्याला कुणाला 'नाही' म्हणता येत नाही. चुलत दिराच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला जामीन राहिले, आता मित्राचं कर्ज. मी बोलले की मीच वाईट. – एक वाचक, लातूर

सगळ्यांशी जमवून घेणारा माणूस घरात गोड असतो. त्याची किंमत बाहेर भरावी लागते. जामीन म्हणजे नुसती सही, हा समज आधी काढा. १८७२ च्या करार कायद्याच्या १२८ व्या कलमानुसार, करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँक थेट तुमच्या दारात येऊ शकते. ते कर्ज नवऱ्याच्या सिबिल अहवालात, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत दिसतं, आणि उद्या मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागताना आडवं येतं. जुन्या जामिनाची शिल्लक किती आणि हप्ते थकलेत का, हे या आठवड्यातच बँकेत जाऊन विचारा.

पुढच्यासाठी अशा माणसाला 'नाही म्हणायला शीक' हा सल्ला निरुपयोगी. त्याला वेळ मिळवून देणारं वाक्य द्या: 'पैशाचं मी जागेवर सांगत नाही, परवा सांगतो.' हे त्याला म्हणता येतं. दहा हजारांवरच्या प्रत्येक रकमेला आणि प्रत्येक सहीला दोन रात्रींचा नियम लावा. द्यायचंच असेल तर परत आलं नाही तरी चालेल एवढीच रक्कम द्या, जामीन नाही. नकार देताना 'हिला पटत नाही' म्हणायचं नाही. तेवढ्याने तुम्ही भावकीत कायमच्या खाष्ट ठरता. 'आम्ही दोघांनी ठरवलंय' म्हणायचं.

प्रश्न : नवरा तापट आहे, पण मनाने चांगला. रागात ताट भिरकावतो, दोनदा हात उचलला. नंतर माफी मागतो. स्वभाव कसा सांभाळू? – गाव लिहिलेलं नाही

ताई, हा प्रश्न स्वभावाच्या सदरातला नाही. साहेबांसमोर, पोलिसासमोर, मोठ्या भावासमोर त्याचं ताट उडतं का? फुटतो तो तुमचा फोन की त्याचा? माणूस आणि जागा बघून येणारा राग त्याच्या ताब्यातला राग असतो. तुम्ही नीट वागून तो थांबणार नाही, आणि दोघांनी मिळून समुपदेशकाकडे जाणं हा इथे पहिला उपाय नव्हे. तिथे खरं बोललात तर घरी आल्यावर त्याची किंमत मोजावी लागू शकते.

लागलं असेल तर सरकारी दवाखान्यात जा, कारण खरं सांगा, केसपेपर जपून ठेवा. आधार, पासबुक, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले यांच्या प्रती आणि थोडे पैसे भरवशाच्या माणसाकडे ठेवा. नवरा तुमचा फोन तपासत असेल तर ही माहिती दुसऱ्याच्या फोनवर शोधा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मारहाणीबरोबर शिवीगाळ, अपमान आणि पैसे अडवणंही येतं. घर त्याच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असलं तरी त्यात राहण्याचा हक्क तुम्हाला आहे. संरक्षण अधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. वकील मोफत मिळतो, स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १५१०० वर विचारा. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२.

प्रश्न : थोरली कुठेही मिसळते, धाकटा पाच वर्षांचा, वाढदिवसाला गेलो की पायाला चिकटून रडतो. आमचं काय चुकलं? – आईबाबा, नाशिक

काही नाही. न्यूयॉर्कमध्ये १९५६ पासून चाललेल्या थॉमस आणि चेस यांच्या अभ्यासात अगदी तान्ह्या मुलांतही असे फरक दिसले. सुमारे १५ टक्के मुलं 'हळूहळू रुळणारी' होती. तुमचा धाकटा त्यातला दिसतो. अशा मुलाला ढकललं की तो आणखी चिकटतो, आणि न्यायचंच सोडलं तर त्याला सवयच होत नाही.

वाढदिवसाला सगळ्यांआधी पंधरा मिनिटं पोचा. भरलेल्या खोलीत शिरणं त्याला जड जातं. रिकाम्या खोलीत तो फुग्यांपाशी आधी बसला आणि मुलं एकेक करून आली, तर निभतं. पहिली वीस मिनिटं तुम्ही जवळ, मग खोलीच्या कडेला, मग स्वयंपाकघरात. कुठे आहात ते सांगून जा, लपून सटकू नका. ताईला 'त्याला खेळायला घे' म्हणून पाठवू नका, तिची पार्टी तिला राहू दे. आणि 'लाजराबुजरा आहे हो आमचा' असं त्याच्यादेखत कुणाला सांगू नका. कुणी विचारलंच तर 'त्याला जरा वेळ लागतो' एवढं पुरे.